मोहाच्या रस्त्यावर ‘मागून गाडी!’

भूत, चकवा, मुंजा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. इथले अनुभव मी जेवताना वाचतो आणि खाली खोचक कमेंट टाकून हात धुवायला उठतो. (जुन्या मेंबरांनी कृपया त्या कमेंट शोधू नयेत.) त्यामुळे आज माझी पाळी आली आहे, तर तुम्हीही मला सोडू नका. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

मी कल्याणचा. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, आणि सायकलचं खूळ फार उशिरा डोक्यात शिरलेला. मध्यंतरी नाशिककडच्या द्राक्षबागांतून एक सायकल टूर केली. शांत रस्ते, दोन्ही बाजूंना मांडव, शेवटी वाइनचे चार घोट. त्या चार घोटांच्या जोरावर घरी येऊन सायकलवाल्यांच्या ग्रुपवर जाहीर केलं - "एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या शहापूर-मुरबाडला द्राक्षं नसतील, पण मोहाची झाडं आहेत! तीच आपली वाइन कंट्री. फुलं गळायच्या दिवसांत सकाळी सायकल काढा, आतल्या रस्त्यांवर चिटपाखरू भेटणार नाही. टूर मी काढतो."

ग्रुपने हसणारे चेहरे पाठवले. म्हणजे आता टूर काढणं भाग होतं. पण आधी रस्ता बघून यायला हवा म्हणून मी मेहुण्याला, विन्याला, पटवला.

विन्या बायकोचा धाकटा भाऊ. स्वभावाने गाय. आणि डायबेटिस... रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. निघताना बायकोने दारातच बजावलं होतं, "अहो, त्याची शुगर एकदम उतरते. त्याला एकटा सोडू नका." मी म्हणालो, "मी आहे ना!" हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलंय त्या त्या वेळी काहीतरी मोडलंय.

सापगावला ओळखीच्यांच्या अंगणात कार लावली, कॅरिअरवरून सायकली उतरवल्या. विन्याने तिथेच इंजेक्शन घेतलं. "भाऊजी, आता थोडं खाऊन निघू." मी म्हणालो, "अरे, पुढच्या पाड्यावर गरम भाकरी सांगून ठेवलीय. हा असा पोचतोच आपण!" खाऊची पिशवी माझ्या हँडलला होती. विन्याला हलकं चालवता यावं हा उदात्त हेतू. त्यातली चिक्की मी पहिल्या चढावर संपवली आणि राजगिऱ्याचे लाडू दुसऱ्या. कॅप्टनने एनर्जी ठेवायला नको?

सायकलवाल्यांचा एक रिवाज असतो. मागचा माणूस पुढच्याला ओरडून सांगतो - "मागून गाडी!" पुढच्याने वळून न बघता डावीकडे व्हायचं. प्रश्न विचारायचा नाही. सुरुवातीला मी मागे होतो, आणि रस्ता इतका रिकामा की मला राहवेना. दर थोड्या वेळाने ओरडायचो, "विन्या, गाडी!" तो बिचारा तडक साइडपट्टीवर. एकदा तर करवंदीच्या जाळीत शिरला.

"भाऊजी, गाडी कुठाय?"

"गेली असेल रे दुसऱ्या रस्त्याने."

शेणव्याकडून पुढे आम्ही मुरबाडच्या बाजूला निघणारा आतला रस्ता धरला. भात कापलेली मोकळी खाचरं, मधेच एखादा मोह, आणि खाली टपटप पडणारी पिवळसर फुलं. माझं म्हणणं अक्षरशः खरं ठरत होतं, तासभरात एक वाहन नाही. त्या आनंदात मी विन्याला मागे टाकून पुढे निघालो. म्हटलं, येईल हळूहळू.

थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला. "भाऊजी, मागून गाडी!"

सवयीने डावीकडे झालो. गाडी आलीच नाही. मी हसलो. फेड करतोय बेटा!

पुढे रस्त्याला लागूनच एक मोठा मोह होता. तिकडे प्रत्येक झाड कुणा ना कुणा घराचं असतं. घरचे झाडाखालचा पाचोळा झाडून, जाळून जागा साफ ठेवतात आणि फुलं वेचतात. दुसरा कुणी त्या फुलांना हात लावत नाही. हे मला माहीत होतं, ग्रुपवर मी त्यावर लांबलचक लेखही टाकला होता. तरी मी सायकल थेट त्या साफ जागेवर नेली आणि बूट रोवून उभा राहिलो.

"पाय उचल रे! माज्या फुलांवर उभा रायलास!" टोपली घेऊन बसलेली एक आजी कडाडली.

मी उडी मारून बाजूला झालो. माफी मागितली. मग गोडीत विचारलं, "आजी, याचीच ना ती... दारू?"

"याचीच. पन तिला टाइम हाय. तवर फूल खा." तिने ताज्या फुलांची एक मूठ माझ्या हातावर ठेवली. रसरशीत, साखरेच्या पाकासारखी गोड. मग दुसरी मूठ भरली. "ही त्याला."

"कुणाला?"

"तो काय, तुज्या मागं पाय टेकून उभा हाय. लाजतो का काय?"

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वाटलं, विन्या लांब वळणावर दिसला असेल, म्हातारीची नजर चांगली दिसतेय. दोन्ही मुठी जर्सीच्या मागच्या खिशात कोंबल्या आणि निघालो.

"भाऊजी, मागून गाडी!"

आता आवाज अगदी चाकाला चाक लागल्यासारखा जवळून. मी जरासा सरकलो. काही नाही. आणि लगेच पुन्हा, "भाऊजी! गाडी!" या वेळी त्यात चेष्टा नव्हती. पण मला राग आला. "पुरे की रे!" असं ओरडत मी झटक्यात वळलो. बूट पेडलमध्ये अडकलेले... मी सायकलसकट शिस्तीत आडवा झालो.

आडव्या अवस्थेत मी मागचा रस्ता पाहिला. सरळसोट. दोन्हीकडे रिकामी खाचरं, लपायला बांधसुद्धा धड नाही. आजीच्या मोहापर्यंत आणि त्याच्या मागच्या वळणापर्यंत एक माणूस नाही.

तेव्हा पहिल्यांदा हिशेब मांडला. विन्याने इन्सुलिन घेतलंय. खाल्लं काही नाही. खाऊ माझ्याकडे. म्हणजे माझ्या पोटात.

मी आयुष्यात तेवढी सायकल कधी हाणली नाही. आजीचं झाड मागे पडलं, वळण मागे पडलं, त्याच्या पुढचा उतार संपला आणि पुढच्या आंधळ्या वळणावर विन्या दिसला. रस्त्याच्या मधोमध पडलेला. अंग घामाने थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे. हेल्मेट काढून कडेला टेकवलेल्या त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवलेलं. मी माझी सायकल तिथेच टाकली, त्याला बगलेत धरून फरफटत साइडपट्टीवर आणला, आणि वळणावरून गाडी आली. पाण्याचा टँकर, रिकामा, सुसाट. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाचा पापड करून पुढे जाऊन थांबला.

ज्या रस्त्यावर एकही वाहन नसतं असं मी छातीठोक सांगत होतो, त्या रस्त्यावरची ती पहिली गाडी.

हात आपोआप खिशात गेला. विन्या अर्धवट शुद्धीत होता, गिळत होता. मी ती फुलं पिळून रस त्याच्या ओठांवर थेंब थेंब सोडत राहिलो. माझी मूठ संपली. ‘त्याची’ संपत आली तेव्हा त्याने डोळे नीट उघडले आणि म्हणाला, "भाऊजी, लाडू?"

मी विषय बदलला.

टँकरवाला भला माणूस. त्याने स्वतःची बिस्किटं दिली, आम्हाला केबिनमध्ये घेतलं आणि दवाखान्यात सोडतो म्हणाला. विन्याने बसल्याबसल्या हेल्मेट घातलं. त्या ड्रायव्हिंगवर त्याचा भरवसा नव्हता, आणि बरोबरच होतं. वाटेत मोहापाशी मी टँकर थांबवायला लावला. आजीला सांगायला नको?

आजीने केबिनमध्ये वाकून पाहिलं. "हाच ना तो. मगाशी डोकं उघडं होतं, आता टोप घातलास व्हय रे?"

विन्याला काही कळेना. मला कळलं. मी त्याला सोडून गेलो तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते त्याने नंतर काढलं, चक्कर यायला लागल्यावर, त्या लांबच्या वळणावर. आजीच्या झाडावरून ती जागा दिसत नाही. मी दोनदा जाऊन उभा राहून खात्री केलीय.

दवाखान्यात सलाइन चालू असताना मी त्याला विचारलं, "तू मला हाक मारलीस?"

"मारायची होती. जीभच उचलेना. मग मनातल्या मनात ओरडत होतो."

"काय ओरडत होतास? थांबा म्हणून?"

"थांबा म्हटल्यावर तुम्ही कधी थांबलाय, भाऊजी? तुम्ही फक्त गाडी म्हटलं की बाजूला होता."

आता माझे तर्क. वारा? त्या दिवशी पान हलत नव्हतं. पक्षी? मला भाऊजी म्हणणारा पक्षी मला तरी माहीत नाही. माझंच मन खात होतं म्हणून भास? चालेल, मीच कुणाच्या तरी पोस्टखाली तसं लिहिलं असतं. पण मग दुसरी मूठ आजीने कुणासाठी भरली? तिचं मन कशाला खाईल? याचं उत्तर कुणाकडे असल्यास खाली लिहा, खोचक असलं तरी चालेल.

मोहाची टूर मी पुढच्या हंगामात काढलीच, ती छान झाली. नाश्ता आधी, खाऊ ज्याचा त्याच्याकडे, आणि खोटं ‘गाडी’ ओरडणाऱ्याला परत पाठवणार, हे नियम. विन्या पुढे असतो, मी त्याच्या मागे. आणि माझ्या मागून कुणी ‘गाडी’ म्हटलं की मी वळून न बघता डावीकडे होतो, उतरतो, आणि सगळ्यांची डोकी मोजतो. रस्ता रिकामा असला तरी.

रिकामा असला तर जरा जास्तच घाईने.