श्वास मोजणारे काका

हवा फुकट मिळते असं समजणाऱ्या माणसांचा आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकांइतका राग साऱ्या भोपाळात कोणी केला नसेल. काकू आमच्या कारखान्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून टाउनशिपमधलं घर त्यांच्या नावावर. काका मात्र शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत. हवेतले विषारी कण फुप्फुसात जाऊन काय करतात, हे तिथे उंदरांवर तपासत. उंदराला निमुळत्या नळीत बसवायचं, त्याचं फक्त नाक मधल्या पिंपात काढायचं, पिंपात मोजूनमापून फवारा सोडायचा आणि उंदराचे श्वास मोजत बसायचं, ही काकांची जन्माची नोकरी.

त्यामुळे माणूस समोर आला की काका त्याच्या चेहऱ्याकडे न बघता छातीकडे बघत. माझे सासरे पहिल्यांदा नागपूरहून आले, तेव्हा नमस्काराच्या आधी काका म्हणाले, "मिनिटाला सव्वीस. स्टेशनवरून पायी आलात की काय?" लग्नाला गेले की आधी उदबत्ती पेटवून वारा कुठून येतो ते बघायचे आणि मग आचाऱ्याच्या भट्टीपासून लांबचं पान धरायचे. शेजारी मिरचीची फोडणी पडली की यांच्या खिडक्या धडाधड बंद. शेजारच्या सोनागिरी वस्तीतला भाजीवाला तर त्यांना बघून बिडी विझवायचा आणि म्हणायचा, "फेंक दी बाबूजी, अब तो साँस ले लो." आम्ही पोट धरून हसायचो. पण या गावात हवेला भिणाऱ्या माणसाला कोणी फार वेळ हसत नाही. हसून झालं की आम्हीही गुपचूप आपापल्या खिडक्या बघून घ्यायचो.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला दम्याने धरलं. डॉक्टरांनी औषधाची वाफ देणारं मशीन आणायला सांगितलं. दिवसातून तीनदा, तोंडावर मास्क धरून. पोरगी मास्क बघूनच किंचाळायची, म्हणून बायको तो चार बोटं लांब धरायची. वाफ चेहऱ्याकडे जाताना दिसायची, तेवढ्यावर आमचं समाधान. आठवडा झाला तरी श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत उतार पडला नाही तर भरती करा. मी इतका घाबरलो होतो की ऑफिसला निघालो तो चपला वेगवेगळ्या घालून, आणि फाटकातूनच घरी परतलो.

दुपारची वाफ चालू असताना काका आले. त्यांनी मुलीच्या छातीकडे बघितलं आणि आकडा सांगितला नाही.

"वहिनी, मास्क इतका लांब का?"

"जवळ नेला की रडते हो."

"उंदराचं नाक नळीत बोटभर मागे सरकलं ना, तरी आमचा दिवस वाया जातो. त्याला काही मिळतच नाही. हिलाही आठवडाभर फारसं काही मिळालेलं नाही."

बायको रडायलाच लागली. काकांनी मशीन बंद केलं आणि मास्क चक्क स्वतःच्या नाकावर चढवला. "उंदरालाही आधी रिकाम्या नळीची सवय लावावी लागते," आतून त्यांचा घुमलेला आवाज आला. मुलगी हसली. तिने तो ओढून आपल्या तोंडाला लावला, पुन्हा काकांच्या, पुन्हा आपल्या. असा अर्धा तास गेल्यावर काकांनी हळूच बटण दाबलं आणि मास्क नीट बसवून धरला. ती रडली नाही. संध्याकाळच्या वाफेनंतर बरगड्या शांत झाल्या. भरती टळली.

काका मात्र तसेच बसून राहिले. "जन्मभर श्वास बिघडतानाच मोजले रे," ते म्हणाले, "सुधारताना हा पहिलाच."

पुढे निवृत्त होऊन ते अमरावतीला गेले. समोर आता दुसरं कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत, पण मुलगी खोकली की मी अजूनही काकांच्या त्या दाराकडे बघतो.