मिठाच्या वरचं आणि मिठाच्या खालचं

आमच्या दुकानात त्यांना सगळे भिंगवाल्या मावशी म्हणायचे. दुकान पाळीव प्राण्यांच्या खाण्याचं. मी मागच्या खोलीत पक्षी आणि मासे सांभाळायचो, मावशी पुढे कुत्र्यांच्या खाण्याच्या पिशव्यांपाशी उभ्या असायच्या, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग घालून. गिऱ्हाईक एखादी पिशवी उचलून तिच्यावरचं लालभडक मांसाचं चित्र बघायला लागलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "चित्र कुत्र्याला दाखवायचंय का? नाही ना? मग पिशवी उलटी करा."

पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ती कशी वाचायची हे मावशींनी अर्ध्या गावाला शिकवलं असेल. जे वजनाने जास्त, ते आधी छापतात. "आता यात मीठ कुठे आहे ते शोधा," त्या सांगायच्या. "मीठ चिमूटभरच असतं. मिठाच्या वर आहे ते खाणं, मिठाच्या खाली आहे ती शोभा." मग त्या पालक आणि रानफळांची चित्रं असलेली पिशवी घेऊन यादीवर बोट फिरवायच्या. पालक मिठाच्या खाली, रानफळंही मिठाच्या खाली. "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

दुसऱ्या पिशवीवर चिकन पहिलं, आणि त्यामागे मका, मक्याचं पीठ, मक्याचा कोंडा अशी रांग. मावशी म्हणायच्या, "एकाच मक्याचे तीन तुकडे केले, म्हणून चिकन पहिलं आलं. तिघा भावांना एकावर एक उभं करा, मग बघा कोण उंच ते. आणि ताज्या चिकनला हुरळू नका, त्यात निम्म्याहून जास्त पाणी."

हे सगळं त्या कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडं निकामी होत गेली तेव्हा डॉक्टरांनी काय चालेल आणि काय नाही याचा कागद हातात दिला, आणि मावशी घरात येणारा प्रत्येक पुडा वाचायला लागल्या. यजमान थट्टा करायचे, "तू लग्न माझ्याशी केलंस की बिस्किटाच्या पुड्याशी?" डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती, ते सहा वर्षं जगले. "वाचलं म्हणून वाचले," मावशी म्हणायच्या. ते गेल्यावर घरात वाचण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या आमच्या दुकानात कामाला लागल्या.

दुकानाच्या समोरच्या गल्लीत एक शिंपीकाका होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांबच्या शहरात. घरात ते आणि बटण नावाची एक म्हातारी कुत्री. दिवसभर बटण मशीनच्या पायडलशेजारी चिंध्यांच्या ढिगावर पडून असायची. एका सकाळी काका दुकानात आले ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. बटणची मूत्रपिंडं दमली होती.

मावशींनी चिठ्ठी वाचली आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनी खास खाणं लिहून दिलंय की."

"ती हुंगूनसुद्धा बघत नाही हो. तीन दिवस उपाशी आहे. डॉक्टर म्हणाले, हे खात नसेल तर निदान ज्यात हाडांची पूड नाही असं काहीतरी द्या. हाडांनी मूत्रपिंडावर भार पडतो म्हणे. मला त्यातलं काय कळतंय? मला कापडातलं कळतं."

"मला कळतं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी सगळी दुपार त्यात घातली. मांडणीवरची एकूण एक पिशवी खाली उतरवली, भिंग लावून वाचली, आणि शेवटी एका हिरव्या पिशवीवर हात ठेवला. बदकाचं मांस, तांदूळ, रताळं, जवस, मग मीठ. हाडांची पूड कुठेच नाही, आणि 'मांसजन्य पदार्थ' असला मोघम शब्दही नाही. बटणने ते खाणं पहिल्याच दिवशी वाटी चाटूनपुसून खाल्लं. काका मुद्दाम सांगायला आले. त्या दिवशी मावशी इतक्या खुशीत होत्या की माझ्या पोपटांशीही बोलल्या.

चार महिने छान गेले. पाचव्या महिन्यात त्या हिरव्या पिशवीच्या कंपनीचा माल आला तेव्हा मावशी जेवायला गेल्या होत्या, म्हणून पिशव्या मी उतरवून घेतल्या. टेम्पोवाला गप्पिष्ट होता. म्हणाला, "पिशवी जुनी, आतला माल नवा! छापलेल्या पिशव्या उरल्यात ना ढिगाने, त्या संपल्याशिवाय नव्या काढणार नाहीत." मी हसलो. माशांचं पाणी बदलायचं राहिलं होतं, मी आत निघून गेलो. एवढंच. मावशींना सांगावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी काका आले. जरा संकोचूनच बोलले. "मावशी, बटणला हल्ली शौचाला खडूसारखं होतंय. पांढरं, कोरडं. हातात घेतलं तर भुगा होतो."

असं हाडं खाल्ल्यावर होतं. मावशींना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. मावशींनी लगेच मांडणीवरची हिरवी पिशवी काढली, उलटी केली, भिंग लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग पिशवी काकांपुढे धरली. "हे बघा. बदक, तांदूळ, रताळं, जवस. हाड नाहीच यात. रस्त्यावर काहीतरी उचलत असेल ती."

"ती रस्त्यावर जातच नाही हो. पायऱ्या उतरवत नाहीत तिला."

"मग पाणी कमी पीत असेल. पाणी वाढवा."

काकांनी मान हलवली आणि आणखी एक पिशवी घेऊन गेले.

आणखी दोन आठवडे गेले. बटणने खाणं टाकलं. काकांनी उरलेली पिशवी परत आणून काउंटरवर ठेवली. मावशींनी पिशवीत हात घातला आणि दाणे तळव्यावर घेतले. मग पहिल्या पिशवीतले थोडे दाणे त्यांनी नमुना म्हणून एका बरणीत ठेवले होते, ते काढून शेजारी ठेवले. जुने दाणे तपकिरी, नवे राखाडी. नवा दाणा त्यांनी नखाने दाबला तेव्हा त्यातून पांढरी बारीक पूड निघाली.

पिशवीवर नंबर होता. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. हो, मिश्रण बदललंय. बदकाचा पुरवठा कमी पडत होता, म्हणून त्यात हाडांची पूड वाढवलीय. निरोगी कुत्र्यांना त्याचा काही त्रास नाही. पिशव्या? जुना साठा संपला की नवी छपाई येईल.

"पण मी वाचलं होतं," मावशी म्हणाल्या. "बाळा, मी सगळं वाचलं होतं."

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, मॅडम."

तेव्हा मला टेम्पोवाला आठवला. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मावशी त्याच दुपारी काकांकडे गेल्या, मला सोबत घेऊन. काका एका पडद्याला दुमड घालत होते. मशीनशेजारी बटण आडवी पडली होती, तोंडाजवळ पाण्याची वाटी, तिच्यात पाणी तसंच. मावशींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि कंपनीला शिव्याही दिल्या नाहीत. काकांनी मशीन थांबवलं. माणूस चिडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मावशी," ते इतकंच म्हणाले. "खडूसारखं होतंय म्हणून."

"हो. सांगितलं होतंत."

"कापड हातात घेतल्यावर मी लेबल बघत नाही. हाताला काय लागतं ते बघतो." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, आणि पुन्हा मशीनवर वाकले.

परत येताना मावशी म्हणाल्या, "मला खडू दिसत होता रे. डोळ्यांनी दिसत होता. मी कागदावर विश्वास ठेवला." मी काहीतरी समजूत घातली. काय ते आठवत नाही. खरं सांगायची ती वेळ होती, ते मला तेव्हाही कळत होतं.

चार दिवसांनी बटण गेली. काकांनी तिला तिच्याच चिंध्यांमध्ये गुंडाळून नेलं. त्यानंतर त्यांचं दुकान महिनाभर बंद राहिलं, आणि मग मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली.

काही आठवड्यांनी हिरव्या पिशव्यांचा नवा माल आला. या वेळी छपाईही नवी होती. यादीत दुसऱ्याच क्रमांकावर स्पष्ट लिहिलेलं, हाडांची पूड. मावशींनी वाचलं. गिऱ्हाइकांनी वाचलं नाही. पिशव्या पूर्वीसारख्याच खपल्या, कारण वरच्या चित्रातलं बदक अगदी तसंच हिरव्या तळ्यात पोहत होतं.

मावशी कामावर येत राहिल्या, पण पिशव्यांपाशी उभ्या राहिनात. फरशी पुसायच्या, खोकी लावायच्या. कुणी विचारलं, "मावशी, यातलं चांगलं कोणतं?" तर म्हणायच्या, "मालकांना विचारा." एकीने फारच आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "मला विचारू नका ताई. माझ्या सांगण्याने एक जीव गेलाय." ती बाई हसली. तिला वाटलं, गंमत करतायत. मालकांनी मात्र ते ऐकलं आणि त्यांना म्हणाले, "मावशी, असं बोलून गिऱ्हाईक पळवणार आहात का?" त्या महिन्याच्या शेवटी मावशींनी काम सोडलं. निरोप वगैरे काही झाला नाही.

गेल्या वर्षी त्या मला बसथांब्यावर भेटल्या. खूप वाळल्या होत्या. हातात कापडी पिशवी होती. मी म्हटलं, "मावशी, कशा आहात?"

"आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "माझंच चुकलं होतं ना रे?"

आम्ही दोघंच होतो तिथे. टेम्पोवाल्याचं बोलणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "सोडा हो आता ते, मावशी." त्यांनी मान डोलावली. बस आली, गर्दी नव्हती, त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. बस वळेपर्यंत मी बघत राहिलो. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.