गेटवरून पाठवलेला वारा

लग्न होऊन बोईसरला आले तेव्हापासून मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माहेर शिरगावचं, किनाऱ्यावरचं. साठी उलटली तरी बाबा छोटी होडी घेऊन एकटेच जाळं टाकायला जातात. त्यांना घरी बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मलाही नाही, आणि मी काही कमी हट्टी नाही.

आमचा एक नेम होता. कारखान्यात ठिणगीच्या भीतीने फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. जमा करण्याआधी, सकाळी आठच्या आत, मी वाऱ्याचं एक परदेशी संकेतस्थळ उघडायचे. समुद्रावर निळा रंग म्हणजे शांत, हिरवा म्हणजे जपून, जांभळा म्हणजे घरी बसा. त्याचा स्क्रीनशॉट बाबांना पाठवायचा आणि आत जायचं. सरकारी इशारेही येतात, पण ते अख्ख्या किनाऱ्याला मिळून एक. मला मात्र शिरगावसमोरचा वारा दिसायचा. बाबांना हे रंग मीच शिकवले होते आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी ते संकेतस्थळ उघडेना. पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी होत्या: सरकारी आदेशानुसार हे संकेतस्थळ बंद करण्यात आले आहे. मला वाटलं, माझंच बोट कुठेतरी चुकीचं लागलं. दोनदा बंद करून उघडलं, तोवर भोंगा झाला. संध्याकाळी फोन हातात आला तर बाबांचे चार व्हॉइस मेसेज. चारही सारखेच. "नकाशा नाय आला गो?"

मंगळवारी तेच. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वरून ऑर्डर आहे." वरून म्हणजे कुठून, ते तिलाही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचं म्हणणं, इंटरनेटवरच्या त्याच पत्त्यावर कुणीतरी जुगाराचा धंदा चालवत असेल, तो बंद करताना वाराही बंद झाला. दुसरी म्हणाली, पालघरजवळ कोळगावला कलेक्टर ऑफिसात अर्ज दे. मी वैतागून म्हटलं, काय लिहू अर्जात, आमचा वारा परत द्या?

बुधवारी गेटवर रांगेत असतानाच बाबांचा मेसेज वाजला. "आज तरी धाड गो नकाशा." मागे लोक खोळंबलेले. फोनमध्ये आठवड्यापूर्वीचा एक स्क्रीनशॉट होता, छान निळा. काल समुद्र शांत होता, आज असा काय बदलणार, असं मनाशी म्हणत मी तो पाठवून दिला आणि फोन देऊन टाकला. आजही हे लिहिताना स्वतःची लाज वाटते.

आमच्या कारखान्यात समोरच्या इमारतीच्या छतावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक कापडी नळी आहे. गॅस गळला तर वारा कुठे वाहतोय ते तिच्याकडे बघून कळतं आणि त्याच्या उलट बाजूला पळायचं असतं. दहाच्या सुमारास मी खिडकीतून सहज वर पाहिलं. एरवी लोंबकळणारी ती नळी दोरीवर ताणलेल्या कपड्यासारखी आडवी झाली होती आणि फडफडत होती. होडी भरतीच्या पाण्यावर निघते, आणि भरती नऊची होती. निळा रंग बघून बाबा कधीच निघालेले असणार.

ऑफिसच्या फोनवरून लावलं. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाराला लावलं, दोनला लावलं. साहेबांनी विचारलं, काय झालं? खोटा वारा पाठवलाय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्या दिवशी मी एकच नमुना तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला.

सुटी झाल्याबरोबर एसटीने पालघर, तिथून शेअर रिक्षाने शिरगाव. रिक्षातून उतरून घराकडे धावत सुटले. शिरगावच्या किल्ल्याच्या मागे समुद्र पांढरा झाला होता. घराच्या ओट्यावर बाबा जाळं सांधत बसले होते.

मी रडलेच. मग भडकले.

"तुमी गेला नाय?"

"या वाऱ्यात? डोका फिरलाय काय माजा?"

"मग फोन?"

"वारा सुटला नि टॉवर गेला. नेमीचाच हाय."

"आनि मी निळा नकाशा धाडला तो?"

"बगितला. खाली तारीक जुनी हाय, ती पन बगितली." ते गालात हसले. "वारा मला पहाटंच समजतो. तुज्या जन्माच्या आदीपासून समजतो."

"मग रोज कशाला मागता माज्याकडं?"

बाबांनी हातातली सुई जाळ्यात खोचली. "तुमच्या तिकडं कारखान्यात काय उडला का आवाज हितवर येतो. आठाला नकाशा आला का समजायचा, पोरगी धड हाय, कामाला पोचली. सोमवारी नाय आला. दर्या कसा तेलासारका होता, पन व्हडीला हात नाय लावला. मी दर्यात, नि मागं तुजा काय निरोप आला तर?"

मी त्यांचा वारा बघत होते आणि ते माझा. इतकी वर्षं.

संकेतस्थळ अजून बंदच आहे. का, ते कुणी सांगितलेलं नाही. मी आता रोज सकाळी छतावरच्या त्या कापडी नळीचा फोटो काढते. पहिल्या दिवशी वॉचमनने हटकलं, "मॅडम, अंदर फोटो मना है." कशाला हवा ते सांगितल्यावर म्हणाला, "तो बाहर से निकालो. रोड तो सरकारी है." त्या सरकारी रस्त्यावर उभी राहून मी फोटो पाठवते, खाली आजची तारीख घालते आणि फोन देऊन आत जाते. बाबा उत्तरादाखल अंगठा पाठवतात, दर्यावरून परत आल्यावर. तो मला सुटी झाल्यावर दिसतो, आणि तो दिसेपर्यंत मी गेटवरून हलत नाही.