वत्सलाबाईंना न केलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागायला लागते, गुडघे बरे कर, नातीला चांगले मार्क दे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर लगेच म्हणाला असता, छे हो, मॅडम असं करणं शक्यच नाही. सगळे तेच म्हणाले. त्यावरच तर मी निभावून नेलं.

मी मनीषनगरात राहते. जन्मभर शाळेत शिकवलं, आता मुलाच्या संसारात आहे. स्वभावाने फटकळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. इथे घर बघाल तर छान दुमजली, पण मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि खाली एकटं म्हातारं माणूस टीव्ही लावून बसलेलं. म्हणून आम्ही सुरू केला — सकाळचा फोन. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला मंडळातल्या एकाने चहाच्या वेळी फोन करायचा. उचलला, तर ग्रुपवर नाव टाकून ‘ठीक’ लिहायचं. नाही उचलला, तर शेजाऱ्याकडे किल्ली असतेच, त्याने धावत जाऊन बघायचं. एवढीच गोष्ट. पण कौतुक केवढं झालं म्हणून सांगू! समाजकल्याण खात्याचे साहेब येऊन बसले, पोलीस ठाण्यातून माणूस आला, म्हणाला, आमच्याकडे एकट्या म्हाताऱ्यांची यादी आहे, पण रोज कोण विचारतं? सगळ्यांपुढे मीच बोलले. कल्पना माझी होती ना.

माझ्या वाट्याला वत्सलाबाई होत्या.

सावनेरकडच्या. नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो गेल्यावर त्याची पेन्शन आणि हे दोन खोल्यांचं घर. दारात लिंबाचं झाड; आल्या-गेल्याच्या हातात लिंबं कोंबल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मुलगा पुण्याला. तो दर दिवाळीत म्हणायचा, आई, चल. त्या म्हणायच्या, “बाबू, मले माह्या घरीच राहू दे. इथं मले सारं सापडते.” आणि खरंच सापडायचं! कॉलनीतल्या बायकांना बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असला की याच त्यांना हाताला धरून न्यायच्या. कुणाचा घासलेला अंगठा मशीनने घेतला नाही, तर बँकवाल्याशी भांडायच्या — ही जिती बाई समोर उभी हाये, अन् तुमची मशीन काहून नाही म्हणते? कुणाचं काय काम अडलंय, कुणाची पुढची तारीख कधी, सगळं त्यांना तोंडपाठ. मंडळात इतकी तल्लख बाई दुसरी नव्हती. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणायला हवं होतं.

बोलायच्या मात्र फार. ‘ठीक’ एवढं ऐकायला मी फोन करायची आणि मांजरीच्या पिल्लांपासून दुधवाल्याच्या लग्नापर्यंत सगळं ऐकून घ्यायची. वैताग यायचा. कधी कधी फोन स्पीकरवर टाकून मी कोथिंबीर निवडत बसायची. पण म्हणून काय — नाही. ते कारण नव्हतं. कारण याहून हलकं आहे, आणि म्हणूनच सांगताना जीभ अडखळते.

संक्रांतीच्या सुमाराला मंडळाचा कार्यक्रम होता. मी सांबारवडी केली होती. भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, खसखस, खोबरं. सकाळपासून खपले होते. वत्सलाबाईंनी एक घास घेतला आणि भर सभागृहात हसत म्हणाल्या, “मॅडम, मीठ टाकाले विसरल्या वाटते!”

सगळे हसले. मीही हसले. पण अंगाची लाही लाही झाली हो! तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? तुमचं वय काय आहे, ठाऊक नाही. आमच्या वयात ‘विसरली’ हा शब्द साधा नसतो. आदल्याच आठवड्यात माझ्याकडून गॅस चालू राहिला होता. सुनेने तो बंद केला. नुसतं मुलाकडे बघितलं. ते बघणं मी अजून गिळून राहिले होते, आणि त्यात ही बाई चारचौघांत मिठाचा विषय काढते! घरी येऊन उरलेल्या वडीचा तुकडा तोंडात टाकला. मीठ नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. फोन समोर होता. मी तो उचलला, आणि — नाही केला. बसू दे वाट बघत, म्हटलं. एक दिवस मांजरीला सांग म्हणावं आपल्या गोष्टी. आणि ग्रुपवर लिहिलं: वत्सलाबाई, ठीक.

झालं. हे असं केलं मी.

त्या वेळी वत्सलाबाई न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. पहाटे उठल्या, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ओरडून बघितलं, थंडीच्या दिवसांत सगळ्यांची दारं-खिडक्या बंद. फोन आतल्या खोलीत, तिथपर्यंत सरकता येईना. पण त्यांना धीर होता — आता मॅडमचा फोन येईल. आपण उचलणार नाही, मग शेजारचे किल्ली घेऊन येतील. कळतंय का तुम्हाला? त्यांना तो फोन घ्यायचासुद्धा नव्हता. तो नुसता वाजायला हवा होता. थंड फरशीवर पडून त्या माझा फोन वाजायची वाट बघत राहिल्या, आणि इकडे ‘ठीक’ वाचून सगळी कॉलनी आपापल्या कामाला लागली. दुपारी भांडेवाली आली तेव्हा कळलं.

दवाखान्यात आम्ही सगळे जमलो. मंडळाच्या अध्यक्षांनी सहज विचारलं, मॅडम, सकाळी बोलणं झालं होतं ना तुमचं? सांगून टाकायची ती वेळ होती. तोंड उघडलं, आणि निघालं — हो, चांगल्या बोलल्या की! मग त्यानंतरच पडल्या असतील.

वत्सलाबाई म्हणत होत्या, फोन वाजलाच नाही. अगदी ठामपणे म्हणत होत्या. आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. ते बघणं मला चांगलं ठाऊक होतं — माझ्या सुनेचं होतं तसंच. त्यांच्या फोनमध्ये बघितलं असतं तर क्षणात उघडी पडले असते. पण बघणार कोण? मॅडम खोटं बोलतील असं वाटणार कुणाला? ऑपरेशननंतर त्या गुंगीत असताना डॉक्टरांनी वार विचारला, तोही त्यांना सांगता आला नाही. मुलगा पुण्याहून आला होता. माझ्यासमोर रडला. म्हणाला, मॅडम, आईला तुमचा फोनसुद्धा आठवत नाही हो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला! खरंच फिरवला. म्हटलं, वय झालं रे, आता एकटं ठेवू नकोस.

घर भाड्याने गेलं. वत्सलाबाई सावनेर रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. जागा स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. सुरुवातीला त्या मुलाशी भांडायच्या — फोन नाही आला रे बाबू, माह्यं डोकं ठिकाणावर हाये. मग भांडण कमी झालं. मी मंडळातल्या बायकांबरोबर भेटायला गेले, तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, “मॅडम, मीच विसरली असन. तुमी काहून खोटं बोलसान?”

मी काय केलं सांगू? त्यांना संत्रं सोलून दिलं.

आता त्यांना स्वतःचा भरवसा राहिलेला नाही. ताटावरून उठल्या की तिथल्या पोरीला विचारतात, “जेवली का वं मी?” ती म्हणते, हो आजी. मग त्यांचं समाधान होतं. त्यांचं डोकं खरंच बिघडलं, की मी बिघडवलं — डॉक्टर काहीही म्हणोत, मला माझं उत्तर ठाऊक आहे.

मी आता रोज सकाळी त्यांना फोन करते. एकही दिवस चुकवत नाही. मंडळात म्हणतात, बघा, बाई आश्रमात गेली तरी मॅडमनी सोडलं नाही. मी ते ऐकून घेते. ‘पुरे हो’ असंसुद्धा म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी फोनवर हळूच विचारलं, त्या दिवशी सकाळी आपण काय बोललो होतो, तेवढं सांगा मॅडम, म्हणजे मले आठवन. किती काकुळतीला येऊन विचारत होत्या! तेव्हा तरी... कोणी नव्हतं आजूबाजूला. सून ऑफिसला गेली होती, घर रिकामं होतं. फक्त त्या आणि मी.

मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, आज थंडी फार आहे. म्हणालात, झाडाला लिंबं खूप लागली आहेत, येऊन घेऊन जा.

पलीकडे त्या ‘थंडी... लिंबं...’ असं पुटपुटल्या. मग एकदम हसल्याच. “हो हो मॅडम! लिंबं म्हटलं होतं मी. आलं पाहा ध्यानात!”

किती आनंद झाला त्यांना. पोरीला हाक मारून सांगितलं, मुलाला फोन लावायला लावला. आता कुणीही भेटायला गेलं की त्या तो फोन सांगतात — थंडी किती होती, झाडाला लिंबं किती लागली होती, मला येऊन न्यायला कसं सांगितलं. शब्दन् शब्द बरोबर सांगतात, एकही चुकत नाही.

मी फोन केला नव्हता.