रुद्राणी सिस्टरनं पाजलेलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर रुद्राणीची आई पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, वारली. शेवटपर्यंत ती पाणी मागत होती. "पाजू नका, आणखी जुलाब होतील," असं सगळेच म्हणाले, आणि चौदा वर्षांची रुद्राणी भरलेला तांब्या मांडीवर धरून नुसती बसून राहिली.

पुढं ती नर्स झाली. निलंग्याकडच्या एका खेड्यात तिची नेमणूक झाली. लातूर जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, लोक गढूळ पाणी वाटीवाटीनं भरू लागले आणि गावात पटकी शिरली. सलाईनच्या बाटल्या दोन दिवसांत संपल्या. लातूरहून नव्या बाटल्यांची जीप कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णाराव पळत आला. त्याच्या बायकोला, गुरम्माला, पाण्यासारखे जुलाब लागले होते. रुद्राणी पोचली तेव्हा गुरम्माचे डोळे खोल गेले होते आणि नाडी हाताला लागत नव्हती.

प्रशिक्षणात डॉक्टरांनी फळ्यावर आतड्याची पेशी काढली होती. पेशीभोवती चरबीच्या दोन थरांचं पातळ पटल असतं. मीठ त्यातून आपसूक जात नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांच्या वाटा असतात. पटकीचं विष मीठ बाहेर सोडणारी वाट सताड उघडी ठेवतं, मिठामागं पाणी जातं आणि माणूस सुकतो. पण मीठ आणि साखर जोडीनं आत घेणारी दुसरी वाट शाबूत राहते. हे तिनं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्याच्या भरवशावर एका बाईचा जीव होता.

तिनं लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं. पहिला चमचा गुरम्माच्या ओठाशी नेला, तोच अण्णारावनं तिचं मनगट धरलं.

"पानी नका पाजू सिस्टरबाई! मरंल ती!"

"न्हाई पाजलं तर मरंल."

"मग बाटली लावा की!"

"बाटली न्हाई राहिली. आतड्यात एक वाट अजून चालू हाय, अण्णाराव. मीठ-साखर संगं गेली की त्यांच्या मागं पाणी आत जातंय. नुसतं पाणी टिकत न्हाई."

त्याला काही उमगलं नाही. तरी त्यानं हात सोडला.

थोड्या वेळानं गुरम्मा भडभडून ओकली. दारातल्या बाया कुजबुजल्या, अण्णाराव मोठ्यानं रडू लागला. रुद्राणीला वाटलं, चमचा टाकावा आणि पळत सुटावं. फळ्यावरचं ते खोटं निघालं तर? ओकारीनंतर दहा मिनिटं थांबायचं शिकवलं होतं; तेवढी ती थांबली. मग पुन्हा सुरू केलं, मिनिटाला एक चमचा.

जुलाब थांबेनात. जेवढं जाईल त्याहून जास्त पाजत ती बसली. दुपारी बोटाखाली नाडी हलली. उन्हं कलताना गुरम्मा पुटपुटली, "लघवीला जायचंय."

लघवी आली, म्हणजे अंगात पाणी टिकलं होतं. रुद्राणी उंबऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप आली. तोवर आणखी अकरा जण आजारी पडले होते; त्यांनाही तिनं हेच पाणी पाजलं. म्हातारे बसलिंगप्पा तेवढे गेले; घरच्यांनी त्यांना पाणी तोडलं होतं आणि सिस्टरला बोलावलंच उशिरा.

रुद्राणीनं पुढं तीस वर्षं नोकरी केली. दरवेळी पहिला चमचा भरताना तिला आईच्या वेळी मांडीवर धरलेला तो भरला तांब्या आठवायचा.