सत्त्याऐंशीवा दिवस

सिद्रामबद्दल आमच्या रनिंग क्लबातले लोक भरभरून बोलतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि त्या खोट्यात माझाही वाटा आहे.

सिद्राम आमच्या भागाचा चावीवाला. सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि ते कुणीतरी सोडावं लागतं. हा पहाटे चारला खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून निघतो आणि एका फेरीत चौदा व्हॉल्व्ह उघडतो. पाच मिनिटं उशीर झाला तरी गल्लीतल्या बायका त्याच्या नावाने शंख करतात, त्यामुळे तो चालत नाही, पळतो. बावीस वर्षं असाच पळतोय. आम्ही मात्र त्याला ‘शोधून काढलं’ असं सांगत फिरतो. झालं एवढंच की विजापूर रोडवर आम्ही महागडे बूट घालून धापा टाकत होतो आणि हा स्लीपर घालून, चावीसकट, आम्हाला मागे टाकून निघून गेला. आमचे अध्यक्ष डॉ. गुरुशांत यांनी त्याला हाक मारून थांबवलं. ते दातांचे डॉक्टर, बोलण्यात गोड. त्यांनी त्याला आपले जुने बूट दिले आणि त्याच्याबरोबर फोटो काढला. फोटो आधी काढला आणि बूट दुसऱ्या दिवशी दिले, हे मला आता आठवतं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने शंभर दिवसांचं आव्हान काढलं. रोज किमान पाच किलोमीटर पळायचं, फोनमधल्या ॲपवर नोंद करायची, एक दिवस चुकला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. क्लबातल्या चाळीस जणांनी नावं दिली. महिनाभरात तीस गळाले. उरलेल्या दहांत डॉक्टर, आमच्या सेक्रेटरी राजेश्वरीताई, मी आणि सिद्राम होतो. माझं मोटारपंपांचं दुकान आहे, सकाळी वेळ असतो, आणि पोट कमी करायचं होतं. सिद्रामला कशाला हवं होतं ते कळेना. पाण्याची फेरी मारून आल्यावर हा पुन्हा वेगळे पाच किलोमीटर पळायचा, कारण व्हॉल्व्हपाशी थांबत थांबत पळालेलं त्याला मोजायचं नव्हतं. एकदा अंगात ताप असताना निघाला. त्याची बायको चांगुणा शिव्या देत, हातात पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यावर उभी होती.

मी त्याला म्हणालो, “अरे, एवढं काय मनावर घेतलंस?”

“मालक,” तो म्हणाला, “दर सा महिन्याला ठेकेदार मला एक दिवसाचा खंड देतो. म्हंजे कागदावर त्या दिवशी मी कामालाच न्हाय. सलग दिसलो तर कायम करा म्हणीन, म्हणून. आन् पानी कोन सोडतंय त्या दिवशी? मीच की. हजेरी दुसऱ्याच्या नावानं लागती, एवढंच. बावीस वर्सं झाली, माजं कागदावर कुटंच सलग न्हाय. हे शंबर दिवस तरी हुतील की.”

हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. वाईट वाटायला काही लागत नाही.

सत्त्याऐंशीव्या दिवशी, जानेवारीतल्या रविवारी, आमच्याच क्लबाने हिपरग्याच्या तलावापलीकडे माळरानावर ट्रेल हाफ मॅरेथॉन ठेवली होती. एकवीस किलोमीटर, सगळा मुरूम, ओढे आणि ज्वारीच्या रानांमधल्या पाऊलवाटा. आम्ही आयोजक, त्यामुळे पहाटे तीनपासून रस्ता दाखवायला चुन्याच्या फक्कीचे बाण मारणं, पाण्याचे जार लावणं चाललं होतं. आमचे रोजचे पाच किलोमीटर राहिले होते. दुपारी हुरडा पार्टी होती, संध्याकाळी एक लग्न होतं. खरं सांगायचं तर त्यानंतरही पळता आलं असतं. कंटाळा आला होता.

डॉक्टरांनी सुरुवातीच्या रेघेवर सिद्रामला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “आमचे तिघांचे फोन तेवढे घेऊन पळ. तू एकवीस पळणारच आहेस, आमचे पाच त्यात होऊन जातील.”

त्याने कमरेच्या पट्ट्यात स्वतःच्या फोनाशेजारी आणखी तीन खोचले. एक त्यांचा, एक राजेश्वरीताईंचा, एक माझा. आव्हानाच्या नियमांत लिहिलं होतं की दुसऱ्याचा फोन घेऊन पळणारा बाद होतो. नियम इंग्रजीत होते. सिद्रामला ते माहीत नव्हते, आम्हाला होते. आणि त्याला त्यात काही वावगं वाटणार तरी कसं? एकाने राबायचं आणि हजेरी दुसऱ्याची लागायची, हीच रीत तो बावीस वर्षं बघत आलाय. त्याला वाटलं, मोठ्या माणसांतही असंच चालतं. तसं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नाही.

तो एक तास बावन्न मिनिटांनी आला. पँट फाटलेली, डावा गुडघा सोललेला, कोपरातून रक्त येत होतं, मोज्यांत कुसळं भरलेली. चौदाव्या किलोमीटरला ओढ्यात पाय सटकला होता. हात टेकून सावरता आलं असतं, पण दोन्ही हात कमरेवरच्या फोनांवर ठेवले आणि तसाच आपटला. पाणीसुद्धा न पिता त्याने आधी पट्टा सोडला.

“फोनाला कायबी झालं न्हाय साहेब. बगून घ्या,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी खरंच उलटून पालटून पाहिला. मीही पाहिला.

मंगळवारी पुण्याहून मेल आला. चार फोनांवर एकच रस्ता, एकच वेळ, ओढ्यातला तो अर्ध्या मिनिटाचा थांबासुद्धा एकच. शर्यतीच्या निकालात मात्र चौघांपैकी एकट्या सिद्रामचं नाव. लेखी खुलासा करा, असं त्यांनी म्हटलं होतं.

आम्ही तिघे डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलो. राजेश्वरीताई म्हणाल्या, “खरं कळवून टाकू या का?” पण तेही अगदी हळू.

“कळवा,” डॉक्टर म्हणाले, “मी अध्यक्ष, या सेक्रेटरी आणि हा आपला मोठा देणगीदार, तिघंही बाद. उद्या पेपरात येईल. क्लब बंद करायचा का? सिद्रामचं काय, तो असाही पळतोच आणि तसाही पळतोच.”

मग पत्र तयार झालं. आम्ही तिघांनी आपापले पाच किलोमीटर मैदानावर पूर्ण केले होते, सामानाच्या पिशवीत ठेवलेले फोन सिद्रामने न विचारता बरोबर नेले, असं त्यात होतं. खाली तीन सह्या. तिसरी माझी. नेहमीसारखी झोकदार आली.

पुण्याने आम्हा तिघांचा दिवस धरला आणि सिद्रामला बाद केलं. डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं की पुण्याचा नियम फार कडक आहे, आपण खूप भांडलो, पण इलाज नाही. पत्राचं सांगितलं नाही. ते त्याला नंतर क्लबातल्याच कुणीतरी दाखवलं.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, “आदीचे शहाऐंशी तरी ऱ्हातील का साहेब?”

“नाही रे. शून्यच होतं,” डॉक्टर म्हणाले.

शंभर दिवस झाल्यावर आमचा सत्कार झाला. शाल, नारळ, पदक. घरी आल्यावर ते पदक कुठे ठेवावं सुचेना. खुंटीला लावलं, काढलं, कपाटात टाकलं. शेवटी पाण्याच्या दिवशी पहाटे ते खिशात घालून कोपऱ्यावर गेलो. सिद्राम वाकून व्हॉल्व्ह फिरवत होता.

मी पदक पुढे केलं. “सिद्राम, हे तुझं आहे. घे.”

त्याने शर्टाला हात पुसले, पदक घेतलं आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली धरून वाचलं. त्यावर माझं नाव होतं आणि खाली ‘सलग शंभर दिवस’.

“चुकीचं छापलंय की, मालक.”

“काय?”

“तुमचे नव्याण्णव झाले. सत्त्याऐंशीवा माजा हाय.” त्याने पदक माझ्या हातात परत ठेवलं. आवाज चढला नव्हता. “पदक ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माजा दिवस तेवढा द्या.”

तो द्यायला फार काही लागत नव्हतं. पुण्याला एक ओळ लिहायची होती, आम्ही खोटं बोललो म्हणून. पण ती लिहिली असती तर माझेही शंभर गेले असते. मी त्याला म्हणालो, “बघतो.”

त्याला आता दीड महिना झाला. ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.