काजळीचा पदर

रविवारी सकाळी मार्थामावशीच्या अंगणात कोवळ्या उन्हात धूर तरंगत असायचा. डोळे मिटले की मला अजून तो दिसतो. मावशी पितळी तांब्यात निखारे भरून पांढऱ्या साडीला इस्त्री करायची. घरात लाईट असली तरी तांब्याच.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. प्रार्थनेला येणारी घरं थोडी, आणि त्या सगळ्यांची डोकी मावशीच्या ताब्यात. प्रार्थनाघराच्या दारात ती खोबरेल आणि लाकडी फणी घेऊन उभीच. विस्कटलेल्या केसांनी आत जायचं नाही म्हणजे नाही. एकदा मी लिपस्टिक लावून गेले, तर म्हणाली, "लाव की बाई, मी कावून आडवू? पर दात घासले का आदी?" सगळे हसले. मग माझी वेणी घालता घालता हळूच, "देवाला नवं लुगडं नगं. त्याच्याकडं यायचं म्हणून आवरलं, एवढंच त्याला लई." तिची बोटं केसांत फिरली की मला गुंगीच यायची.

तर तो रविवार. राहेल, माझ्या वर्गातली, ऊसतोडीवरून एकाच दिवसासाठी गावी आली. तिला बाळ देवाला अर्पण करायचं होतं, म्हणजे पाळकांच्या हातून प्रार्थना करून आशीर्वाद घ्यायचा. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदाच येतात, आणि तिची टोळी दुसऱ्या दिवशी परत निघणार होती. ट्रॅक्टर उशिरा पोचला. आत पहिलं गीत सुरू झालं आणि ही बाहेर लिंबाखाली, बाळ छातीशी धरून. जळक्या उसाच्या काजळीनं तोंड, केस, सगळं काळं.

"मावशी, जाते मी. असलं तोंड घिऊन आत कसं यावं? तूच म्हणतीस ना."

मावशीनं तेल-फणी घेतली. पायरी उतरली, मातीत बसली, राहेलला पुढ्यात ओढलं. केसांचा असला गुंता की फणीचे दातच तुटले. मी पाणी आणायला पळाले. परत येते तर मावशी पदराला तेल लावून राहेलचं तोंड पुसतेय. त्याच इस्त्रीच्या पदरानं.

"मावशी, साडी," मी म्हणाले.

"गप गं. पाणी वत."

मग आम्ही आत गेलो. पुढं मावशी, खांद्यावर काळाकुट्ट पदर. पाळकांनी बाळाला हातात घेतलं, प्रार्थना केली, राहेल रडत होती. मावशी सतरंजीवर नेहमीसारखी ताठ. शेजारची कुजबुजली, "डाग पडला की मार्थाबाई."

"पडू दे. आज असंच आवरलंय मी."

यंदाच्या थंडीत मावशी गेली. सुनेनं कोरी पांढरी साडी काढली, तर ऊसतोडीवरून धावत आलेली राहेल म्हणाली, "ती नगं. काजळीची नेसवा." धुऊन धुऊन डाग फिकट झालता, पण होता. मी चुलीतले निखारे तांब्यात भरले. धूर उन्हात तसाच तरंगला. साडी नेसवताना सून डाग आत दुमडायला लागली. राहेलनं तिचा हात हळूच बाजूला केला आणि पदर मावशीच्या खांद्यावर नीट पसरला, डाग वर येईल असा.